थोडंफार कॉलेज

“वांडाबाई, तुम्हाला पदवी आहे,” टॅबिथा म्हणाली. कुणाच्या घरी वाईट बातमी घेऊन गेल्यावर बोलावं, तसा तिचा आवाज खाली गेला होता.

वांडा हेन्सली मोठ्यानं हसली. “मला? अगं, माझ्याकडे गाडीचं लायसन आहे, आणि चर्चच्या जेवणाला पीच घालून भाजलेल्या ‘पाय’ला मिळालेलं दुसरं बक्षीस आहे. तिसरं काही असतं तर आमच्या डेलनं ते कधीच भिंतीला ठोकलं असतं.”

टॅबिथा हसली नाही. कॉलेजच्या मदत विभागात बसून लोकांना ‘नाही’ म्हणायची तिला सवय होती, पण समोर वांडाबाई होत्या. बावीस वर्षांपूर्वी चार वर्षांच्या टॅबिथाला बुटाची नाडी बांधायला याच बाईंनी शिकवलं होतं. अशा माणसाला नियम वाचून दाखवायचे म्हणजे जिवावर येतं. शेवटी तिनं कॉम्प्युटरचा पडदा वांडाकडे वळवला.

वांडा फे रेनी. बालसंगोपन. दोन वर्षांची पदवी, मे १९९०.

रेनी हे वांडाचं माहेरचं नाव. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. नाव तेच होतं.

“हे चुकलंय,” ती म्हणाली. “मी गणितात नापास झाले होते.”

“नाही झालात. हे बघा ना, बीजगणित, ‘क’ श्रेणी. पास.”

“पोरी, मी पेपर अर्धा टाकून उठले होते! माझं मला माहीत का तुझ्या कॉम्प्युटरला?”

टॅबिथानं मग सगळं सांगितलं. वांडा ज्या कॉलेजात जायची ते केव्हाच बंद पडून या कॉलेजात विलीन झालं होतं. जुनी कागदपत्रं तळघरात पडून होती, ती यंदा कॉम्प्युटरवर चढली. वांडानं जुलैत अर्ज केला तेव्हा हेन्सली नावानं काही सापडलं नव्हतं. गेल्या आठवड्यात माहेरचं नाव टाकल्यावर हे वर आलं. आणि वर आलं ते वाईट आलं. कारण टेनेसी राज्याची ही मदत शिक्षण सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. वय कितीही असो, या दोन वर्षांच्या कॉलेजची सगळी फी राज्य भरतं. अट एकच, आधीची पदवी नको.

“म्हणजे माझी मदत बंद?”

“शुक्रवारपासून. मी विचारून पाहिलं हो. नॅशव्हिलला, राज्याच्या कचेरीत, फोन केला, दोनदा. ते म्हणतात पदवी असेल तर नाही.” टॅबिथाचे डोळे भरून आले. “मला सांगायला इतकं वाईट वाटतंय ना, बाई.”

“तू का रडतेस? बस की जरा. नाक पूस,” वांडा म्हणाली. तोंडातून हे सवयीनं गेलं. खरं तर तिची नजर अजून पडद्यावरच्या त्या ओळीवर होती.

आता ही मदत घ्यायला वांडा किती कुरकुरत तयार झाली होती, ते सांगायला हवं. हा पैसा राज्याच्या लॉटरीच्या कमाईतला. आमच्या पाद्रीबुवांनी लॉटरीविरुद्ध ओळीनं तीन रविवार प्रवचन झोडलं होतं, आणि मग त्यांच्याच दोन्ही मुली त्याच पैशावर शिकल्या. पण वांडाची अडचण लॉटरीची नव्हती. रेनींच्या घरात फुकटचं काही घेत नसत. बाप कामाला होता ती खाण बंद होती त्या हिवाळ्यात चर्चनं दाराशी किराण्याचं खोकं ठेवलं, तर तिच्या बापानं ते उचलून चर्चच्या पायरीवर परत नेऊन ठेवलं होतं. घरी त्या रात्री मक्याची भाकर आणि ताक होतं. वांडा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि खोक्यातला पीचचा डबा तिनं पाहिला होता. तरी बापाचा राग आला नाही, अभिमानच वाटला. हे असलं बाळकडू काही सुटत नाही.

बावीस वर्षं ती सरकारी बालवर्गात मदतनीस होती. वर्गप्रमुख व्हायचं तर दोन वर्षांची पदवी लागते. त्यामुळे वर्गप्रमुख म्हणून नवी मुलगी यायची, वांडा तिला रडणारं पोर कसं घ्यायचं, चावणारं पोर कसं ओळखायचं, कुठल्या आईशी कसं बोलायचं, सगळं शिकवायची, आणि शिकून झालं की ती मुलगी मोठ्या शाळेत निघून जायची. अशा सात झाल्या. सातवीचं नाव केली. तीही आता ऑक्टोबरात नॉक्सव्हिलला निघाली होती. केंद्राच्या मुख्य बाई, मिसेस मेटकाफ, उन्हाळ्यात म्हणाल्या होत्या, “वांडा, तुम्ही फक्त कॉलेजात नाव घाला. शिकताय एवढं मला दाखवता आलं, तर वर्ग तुमच्या नावावर करते.”

म्हणून वांडानं नाव घातलं होतं. बीजगणिताच्या वर्गात तिला तीन आठवडे झाले होते. शेजारी हॉबर्ट नावाचा साठीचा माणूस बसायचा, बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यात माल उचलायची गाडी चालवायचा तो. दोघं मिळून एक रबर वापरायचे. आणि गंमत अशी की वांडाला गणित कळत होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दिवसभर पोरांच्या मागे धावून संध्याकाळी वर्गात बसलं की तिला इतकं बरं वाटायचं, की हे कुणाला सांगायचीही तिला लाज वाटे.

ती उठली तशी टॅबिथानं दाराकडे पाहून आवाज आणखी खाली घेतला. “बाई, एक वाट आहे. त्या वेळच्या सरांनी लिहून दिलं ना, की गुण चुकून दिले, तर श्रेणी बदलते. श्रेणी बदलली की पदवी रद्द. आणि पदवी नसली की...”

“की मदत चालू.”

“लन्सफर्ड सर आहेत अजून. चर्चच्या मागच्या डोंगरावर राहतात. सत्याऐंशीचे आहेत, पण डोकं एकदम शाबूत.”

“म्हणजे मी त्यांच्याकडे जायचं आणि म्हणायचं, सर, मला नापास करा?”

“असंच काहीसं,” टॅबिथा म्हणाली.

घरी डेलनं, तिच्या नवऱ्यानं, घेवडा शिजत ठेवला होता. गुडघ्याच्या दुखण्यानं ट्रकची नोकरी सुटल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडे होता आणि मीठ नेहमी कमी असायचं. वांडानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तो पळी हातात धरून ऐकत राहिला.

“बाप रे! तेहतीस वर्षं मी एका पदवीधर बाईच्या शेजारी झोपतोय,” तो म्हणाला, “आणि मला कुणी सांगितलं नाही! मी निदान पाय धुऊन आलो असतो.”

“तुला थट्टा सुचतेय?”

“मग काय करू, रडू? अगं, लोक पदवी मिळाली म्हणून जेवण घालतात.”

“डेल, मी अर्धा पेपर सोडला होता. अर्धा! मला कुणी पास कशाला करेल? कीव आली म्हणूनच ना? रेनींची पोर, कपडे हे असे, दोन डोंगर ओलांडून येते, द्या ढकलून पुढे.” तिनं पर्स ओट्यावर टाकली. “किराण्याचं खोकंच की ते. फक्त मी परत नेऊन ठेवलं नाही, एवढंच.”

डेलनं गॅस बंद केला. “निकाल आला असेल ना घरी? पत्र?”

 ही गोष्ट तिनं नवऱ्याला कधी सांगितली नव्हती.

“आलं होतं. मे महिन्यात. मी उघडलंच नाही. नापास लिहिलेलं वाचायचं कशाला? परसात कचरा जाळायचं पिंप होतं, त्यात टाकलं.”

“न उघडता?”

“न उघडता.”

“आणि पदवीचा कागद?”

“तो काय, त्या वर्षी सगळ्या रस्त्यांना नावं दिली, घरांना नंबर दिले, पत्ते बदलले, आठवतंय? आपलंही लग्न झालं. टॅबिथा म्हणते, कागद दोनदा पोस्टानं परत गेला. पाकीट आहे अजून त्यांच्याकडे.” ती खुर्चीवर बसली. “दर सप्टेंबरला केंद्रात फॉर्म भरायचा असतो. शिक्षण काय? शाळा अर्धवट, शाळा पूर्ण, थोडंफार कॉलेज, पदवी. चार चौकोन. मी दरवर्षी तिसऱ्यात खूण करत आले. थोडंफार कॉलेज. बावीस वेळा, माझ्या हातानं.”

डेलला आता थट्टा सुचेना. त्यानं तिच्या ताटात घेवडा वाढला आणि मीठ पुढे सरकवलं.

शनिवारी ती डोंगर चढून गेली. लन्सफर्ड सर ओसरीत बसून हिरव्या शेंगा सुईदोऱ्यात ओवत होते. आमच्याकडे हिवाळ्यासाठी शेंगा अशाच माळा करून वाळवतात. टेकडीएवढा ढीग पायाशी होता. सरांनी वर न बघता सांगितलं, “सुई तिथे आहे. बोलायला आली असशील तर हात चालू ठेव.”

वांडानं सुई घेतली. सात-आठ शेंगा ओवून होईतो तिनं धीर गोळा केला आणि सगळं सांगून टाकलं, मदत, पदवी, अर्धा पेपर. शेवटी म्हणाली, “तेव्हा सर, तुम्ही मला चुकून पास केलं असेल, तर तेवढं लिहून द्या. माझं काम होईल.”

“चुकून?” सरांनी आता वर पाहिलं. “बाई, मी माझ्या सख्ख्या पुतण्याला दोनदा नापास केलं. माझी वहिनी मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आणि तू मला चुकून पास केलं म्हणतेस?”

“मग दया म्हणून.”

“त्याहून वाईट,” सर म्हणाले आणि काठी टेकत आत गेले. आतून कपाटं उघडल्याचे, काहीतरी पडल्याचे आणि एका शिवीचे आवाज आले. वांडा एकटी शेंगा ओवत बसली. खरं काय निघावं म्हणजे बरं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. दया निघाली तर वर्ग मिळणार होता. दया नाही निघाली तर... तिला पुढचा विचार करवेना.

सर हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. गुणांची वही. थुंकी लावून पानं उलटली. “रेनी, वांडा. हं. गृहपाठ एकही चुकलेला नाही. चाचण्या बऱ्या. सहामाही उत्तम. परीक्षेआधीचे तुझे गुण तीनशेपैकी दोनशे एक्कावन्न. परीक्षा शंभराची. पास व्हायला सगळे मिळून दोनशे ऐंशी लागायचे. किती कमी?”

“एकोणतीस,” वांडा म्हणाली.

“दहा गणितं, प्रत्येकी दहा. तू सहा सोडवून उठलीस. पाच बरोबर.” त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवून वही तिच्यापुढे धरली. जुनी निळी शाई, बारीक अक्षर. तीनशे एक. “तू खुर्चीवरून उठलीस ना, तेव्हा तू पास होऊन उठलीस. एकवीस गुण जास्तच होते. दया कसली आलीय त्यात?”

वांडा वहीकडे बघत राहिली. मग तिला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, मोठ्या बाईनं रडू नये असं.  सर शेंगा ओवत राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, “मी तुझ्या मागे दारापर्यंत आलो होतो. हाक मारली. तू पायऱ्या उतरून पळतच होतीस. काय झालं होतं एवढं?”

“सातवं गणित,” वांडा नाक पुसत म्हणाली. “एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा बारा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ?”

“तुला पाठ आहे?”

“तेहतीस वर्षं आहे. मी चार आणि बारा मिळवले, निम्मे केले, आठ आले. मग पाहिलं, एकटा नळ चार तासांत भरतो आणि दोन मिळून आठ? हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला वाटलं, हे असं आहे म्हणजे वरची सहाही अशीच असणार. बाबा म्हणायचे, आपल्याला कशाला हवं ते कॉलेज. मला वाटलं, बरोबर म्हणतात ते. म्हणून उठले.”

“उत्तर चूक आहे हे तुला कळलं,” सर म्हणाले. “वर्गातल्या निम्म्यांनी आठच लिहिलं होतं आणि खुशाल बसले होते.”

त्यांनी शेंगांची कागदी पिशवी उपडी केली, तिची एक बाजू फाडली आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. वांडानं कागद गुडघ्यावर ठेवला. पहिला नळ तासाला एक चतुर्थांश. दुसरा तासाला एक बारांश. दोन्ही मिळून चार बारांश, म्हणजे एक तृतीयांश. तिनं खाली ‘तीन तास’ लिहिलं आणि दोन रेघा ओढल्या, याच महिन्यात शिकली होती तशा.

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “बरोबर. पण गुण देता येणार नाहीत. मुदत संपली.”

“नकोच होते,” वांडा म्हणाली. तिला हसू आलं.

सरांनी लिहून काही दिलं नाही आणि तिनंही पुन्हा मागितलं नाही. ढीग संपेपर्यंत दोघं शेंगा ओवत बसले. निघताना त्यांनी एक माळ तिच्या हातात दिली. ती ‘नको’ म्हणणार होती, पण ते म्हणाले, “तू ओवलीस ती.” मग तिनं घेतली.

सोमवारी ती कॉलेजात गेली. आपला कॅल्क्युलेटर आणि दोघांचं रबर हॉबर्टच्या बाकावर ठेवलं आणि मदत विभागातून पिवळं पडलेलं पाकीट घेतलं. टॅबिथानं विचारलं, “उघडत नाही?” वांडा म्हणाली, “या वेळी उघडीन. पण घरी, डेलसमोर.” बाहेर गाडीत बसल्यावर मात्र तिला वर्गाच्या खिडक्या दिसल्या, दिवे लागलेल्या. फळ्यावर काय चाललं असेल कोण जाणे. मदत बंद म्हणजे तिचा वर्गही सुटला, पुढचे आठवडे आता एकट्या हॉबर्टचे. तिला ते फार लागलं, पदवीच्या आनंदाहून जास्त लागलं, आणि गाडी चालू करायला तिला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मुलं दुपारी झोपल्यावर ती मिसेस मेटकाफांच्या खोलीत गेली आणि कागद टेबलावर ठेवला. मिसेस मेटकाफांनी तो वाचला. तारीख पुन्हा वाचली. मग उठून कपाटातून वांडाची फाइल काढली. आतले फॉर्म त्या एकेक करून उलटत गेल्या, सगळ्यांत तिसऱ्या चौकोनात तीच निळी खूण.

“वांडा,” त्या म्हणाल्या, “या खोलीत सात मुली येऊन गेल्या. एकेकीला मीच तुमच्या डोक्यावर बसवलं. तुम्हाला हे...” त्यांनी फाइल मिटली. “अहो, एकदा तरी विचारायचं कुणाला.”

“आमच्यात विचारत नाहीत,” वांडा म्हणाली. “खूण माझीच आहे, बाई. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? ती केली नॉक्सव्हिलला गेली की वर्ग मला मिळेल ना?”

“मिळेल म्हणजे! तुमचाच आहे.” मिसेस मेटकाफांनी यंदाचा फॉर्म पुढे सरकवला. “तेवढा भरा, म्हणजे आजच पाठवते.”

वांडानं पेन घेतलं. नाव, पत्ता, जन्मतारीख. शिक्षणाच्या ओळीवर हात आला आणि सवयीनं, काही कळायच्या आत, तिसऱ्या चौकोनात खूण करून मोकळा झाला. थोडंफार कॉलेज. दोघी त्या खुणेकडे बघत राहिल्या.

“थांबा, दुसरा कोरा देते,” मिसेस मेटकाफ म्हणाल्या.

“नको, राहू द्या,” वांडा म्हणाली. तिनं त्या खुणेवर सरळ रेघ मारली, शेजारच्या चौथ्या चौकोनात नवी खूण केली आणि खाडाखोडीपाशी सही लागते म्हणून सही केली, रेनी आणि हेन्सली दोन्ही नावांची. मग पेनला टोपण लावून ती उठली, कारण तीन वाजत आले होते आणि मुलांना उठवायचं होतं.